एडीएचडी असलेल्या मुलांचा आहार आणि साखर

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही आणि विचार करायच्या आधीच हातून काहीतरी होऊन जातं, अशी मेंदूच्या वाढीशी जोडलेली अवस्था. अशा मुलांचं खाणंपिणं, त्यातही साखर, कशी सांभाळायची याबद्दल ही नोंद आहे. लक्षणं आणि निदान इथे घेतलेलं नाही. साखरेमुळे एडीएचडी होतो असं भरवशाच्या कुठल्याही अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही आणि साखर बंद केल्याने तो जातही नाही. तरी आहाराकडे लक्ष द्यावंच लागतं, फक्त त्याची कारणं लोक समजतात त्यापेक्षा वेगळी आहेत.

कल्पनेचा उगम : साखर आणि चंचलपणा ही जोडी नक्की कोणी लावली यावर एकमत नाही. खाण्यामुळे मुलं चिडचिडी होतात असं काही डॉक्टर निदान १९२० च्या दशकापासून लिहीत होते. १९४७ मध्ये अमेरिकेतले ॲलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ यांनी मुलांचा थकवा, चिडचिड आणि वागण्यातल्या तक्रारी यांचा संबंध ॲलर्जीशी जोडला. पण बहुतेक ठिकाणी श्रेय (किंवा दोष) दिला जातो तो सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांना. त्यांनी १९७३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे आपलं म्हणणं मांडलं आणि पुढच्या दोनतीन वर्षांत ते घराघरात पोचलं. गंमत म्हणजे फाइनगोल्ड यांच्या मूळ पथ्यात साखर बंद नव्हतीच, त्यांचा रोख होता कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि काही फळांमध्ये नैसर्गिकरीत्या असणाऱ्या सॅलिसिलेट नावाच्या रसायनांवर. रंगीत गोळ्या, रंगीत सरबतं, क्रीमची बिस्किटं यात रंग आणि साखर एकत्रच येतात, त्यामुळे लोकांनी दोन्हींचं एकच गाठोडं बांधलं असावं, हा तर्क जास्त पटतो.

दुसरा धागा रक्तातल्या साखरेचा. गोड खाल्लं की साखर झपकन चढते, मग तितक्याच जोरात उतरते आणि मूल बिथरतं अशी मांडणी १९७० च्या दशकात जोरात होती. १९७८ मध्ये २६१ अतिचंचल मुलांची ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट (ग्लुकोज पाजून रक्तातली साखर कशी चढते-उतरते ते पाहणारी तपासणी) करून त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश मुलांचे आलेख बिघडलेले असल्याचं छापून आलं, पण शेजारी तुलनेला इतर मुलांचा गट नसेल तर अशा आकड्यावरून फार काही म्हणता येत नाही. १९८० मध्ये आणखी एका अभ्यासात जास्त साखर खाणारी अतिचंचल मुलं जास्त तोडफोड करतात असं दिसलं, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसल्या, कोणामुळे कोण हे त्यातून कळत नाही. शिवाय एडीएचडी हे नाव १९८७ पासूनचं, त्याआधीच्या अभ्यासांतली ‘अतिचंचल’ मुलं आणि आजची एडीएचडीची मुलं तंतोतंत एकच धरू नयेत.

तपासणी : या दाव्याची सगळ्यात कसून परीक्षा अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मार्क वुलरेच आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये केली. ३ ते ५ वयाची २५ साधी मुलं आणि पालकांच्या मते साखर सोसत नाही अशी ६ ते १० वयाची २३ मुलं, यांच्या अख्ख्या कुटुंबाचं खाणं नऊ आठवडे बदललं. तीन आठवडे साखर जास्त, तीन आठवडे ॲस्पार्टेम, तीन आठवडे सॅकरिन (दोन्ही साखरेऐवजी वापरायचे कृत्रिम गोड पदार्थ), आणि कधी काय चालू आहे ते घरच्यांना माहीत नाही. ‘साखर न सोसणाऱ्या’ मुलांमध्ये वागणं आणि आकलनाच्या ३९ मोजमापांपैकी एकातही फरक पडला नाही. यातली सगळी मुलं एडीएचडीची नव्हती हे खरं, पण १९९५ मध्ये त्याच गटाने २३ आंधळ्या चाचण्या (म्हणजे कोणाला साखर दिली ते मुलांना, पालकांना आणि तपासणाऱ्यांना ठाऊक नसलेल्या) एकत्र मांडल्या, त्यात एडीएचडीची मुलंही होती आणि उत्तर तेच आलं. थोड्या मुलांवर थोडासा परिणाम होत असेल ही शक्यता मात्र त्यांनी उघडी ठेवली.

मग पालकांना जे दिसतं ते काय? याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ डॅनियल हूवर आणि रिचर्ड मिलिच यांच्या १९९४ च्या प्रयोगात बरंचसं मिळतं. ५ ते ७ वयाची ३५ मुलं, सगळ्यांच्या आयांचं म्हणणं की साखर दिली की हा आवरत नाही. प्यायला सगळ्यांनाच ॲस्पार्टेमचं पेय दिलं, पण अर्ध्या आयांना सांगितलं की भरपूर साखर दिलीये. मग मायलेकांना एकत्र बसवून व्हिडिओ काढला. साखर दिलीये असं वाटणाऱ्या आयांनी आपलं मूल जास्त चंचल असल्याचं नोंदवलं. व्हिडिओत त्या मुलाच्या जास्त जवळ बसलेल्या, जास्त टोकणाऱ्या, सारखं लक्ष ठेवणाऱ्या दिसल्या. यात आयांना नावं ठेवण्यासारखं काहीच नाही, दिवसभर मूल सांभाळून थकलेला माणूस कारण शोधणारच, आणि वाढदिवसाच्या पार्टीत केक असतो तसा गोंगाट, गर्दी आणि जागरणही असतं.

उलट दिशेचाही विचार हवा. ब्राझीलमधल्या पेलोतास शहरात जन्मापासून पाहिलेल्या मुलांच्या अभ्यासात (२०१९) सहाव्या वर्षी एडीएचडी असलेले मुलगे जास्त साखर खाताना दिसले, पण सहा ते अकरा या वयात नव्याने एडीएचडी होण्याशी साखरेचा संबंध लागला नाही. म्हणजे आवेगी मूल गोडाकडे जास्त वळतं, हे स्पष्टीकरण जास्त सरळ वाटतं.

रंग आणि पथ्यं : रंगांची बाजू साखरेपेक्षा थोडी भक्कम आहे. २००७ मधल्या साउदॅम्प्टन अभ्यासात ३ वर्षांच्या १५३ आणि ८-९ वर्षांच्या १४४ मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) यांची मिश्रणं दिली तेव्हा सरासरी चंचलपणा किंचित वाढला, तोही सर्वसाधारण मुलांत. त्यानंतर युरोपियन युनियनने जुलै २०१० पासून टार्ट्राझिन, सनसेट यलोसह सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणं सक्तीचं केलं. एलिमिनेशन डाएट म्हणजे मोजकेच पदार्थ ठेवून बाकी सगळं काढायचं आणि मग एकेक परत आणायचं. काही मुलांना फायदा झाल्याचे अभ्यास आहेत, पण कोणतं मूल पथ्यावर आहे हे मूल्यमापन करणाऱ्यांना बऱ्याचदा ठाऊक असतं. असं पथ्य डायटिशियनशिवाय घरच्याघरी करू नये, वाढत्या मुलाचं पोषण तुटतं. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या सूचना सरसकट रंग बंद करा असं सांगत नाहीत, ओमेगा-३ च्या गोळ्याही सुचवत नाहीत. एखाद्या पदार्थावर संशय असेल तर खाणं आणि वागणं यांची डायरी ठेवा आणि खरंच संबंध दिसला तर डायटिशियनकडे जा, असं म्हणतात.

रोजची व्यवस्था : साखरेची मर्यादा इतर मुलांना तीच यांनाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या सल्ल्याप्रमाणे २ ते १८ वयात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. ३३० मिलीच्या कोलाच्या एका कॅनमध्येच ३५ ग्रॅमच्या आसपास असते. दात आणि वजन या कारणांसाठी ही मर्यादा पाळायची, लठ्ठपणा एडीएचडीच्या मुलांत जास्त आढळतो. गोड पूर्ण बंद केलं की बहुतेकदा ओढ वाढते, आणि आवेगी मुलाला तर समोरचा डबा दिसला की थांबणं अवघडच, म्हणून रोज टोकण्यापेक्षा घरात आणतानाच कमी आणलेलं बरं.

खरी कसरत औषधाची. एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेट या औषधाने भूक मरते, त्यामुळे दुपारचा डबा जसाच्या तसा परत येतो आणि संध्याकाळी गोळीचा असर उतरला की मूल दिसेल त्यावर तुटून पडतं. घरात त्या वेळी बिस्किटंच हाताशी असली तर तीच खाल्ली जातात आणि मग दोष साखरेला लागतो. म्हणून गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, दुपारी थोडंसंच पण पौष्टिक, आणि भूक परत येते त्या वेळी नीट जेवण तयार ठेवायचं. गरज पडली तर झोपायच्या आधी आणखी काही. नाइसच्या सूचनांनुसार औषध चालू असताना उंची दर सहा महिन्यांनी आणि दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी मोजून वाढीच्या तक्त्यावर मांडायचं असतं.