काळे ढग म्हणजे चित्रकाराचं दुःख?

‘ग्रामीण निसर्गचित्रात काळे ढग दिसले की चित्रकार दुःखी, वठलेलं झाड म्हणजे मृत्यू, वळणाची वाट म्हणजे आयुष्य’ अशी यादी वर्षानुवर्षं फॉरवर्ड होते. ती पटते, कारण चित्र पाहून मन खरंच हलतं. पण प्रत्येक वस्तूला कायमचा ठरलेला अर्थ नसतो.

चित्राचा मूड बराचसा उजेड आणि मांडणीतून येतो. क्षितिज खाली घेतलं की आभाळ अंगावर येतं. १८४१ मध्ये रंगांच्या धातूच्या ट्यूब आल्या आणि रंग बाहेर नेणं सोपं झालं. त्याआधी तैलरंगातली निसर्गचित्रं बहुतेक स्टुडिओत, स्केचवरून पुरी व्हायची. म्हणजे ते ढग ठरवून घातलेले असू शकतात; त्या दिवसाच्या मनःस्थितीचे असतीलच असं नाही. त्यात जुनं व्हार्निश पिवळं पडतं. सफाईनंतर ‘उदास’ तपकिरी आभाळ चक्क निळं निघू शकतं!

पडताळून पाहायचंय? झाड तळहाताने झाका. उदासी तशीच राहिली, तर ती झाडामुळे नव्हती. सावल्या बघा: लांब असतील तर सूर्य खाली आहे, बाकी काही नाही. मग त्याच चित्रकाराची त्या सुमाराची इतर चित्रं शोधा. हिवाळ्याच्या प्रत्येक चित्रात निष्पर्ण झाड असेल, तर तो बहुधा नुसता ऋतू.

प्रतीकं नसतातच असंही नाही. १९व्या शतकातल्या जर्मन रोमँटिक (प्रेमाच्या नव्हे, तर भावना आणि निसर्गाला महत्त्व देणाऱ्या) चित्रांत वठलेली झाडं मुद्दाम येतात. पण तिथे अनेकदा शेजारी कबरी, क्रूस, पडका मठही असतो. अर्थ त्या सगळ्या सोबतीतून ठरतो, एकट्या झाडावरून नाही.