मार्सियाक: चौकातलं जॅझ आणि तंबूतलं जॅझ

नैऋत्य फ्रान्समधल्या जेर्स जिल्ह्यातलं मार्सियाक हे जेमतेम १,२०० वस्तीचं बाजारगाव. बुधवारी बाजार भरतो, बदक, लसूण, आर्मान्याक (इथली ब्रँडी) हा इथला माल. जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत जॅझ महोत्सव असतो, तेव्हा मात्र कमानींनी वेढलेल्या मुख्य चौकात दिवसभर जॅझ चालू असतं, तेही फुकट. खुर्ची ओढून बसावं, जेवावं, पुन्हा येऊन ऐकावं. रात्रीच्या बड्या कलावंतांसाठी तिकीट काढून रग्बीच्या मैदानावरच्या तंबूत जायचं. तिथे सहा हजारांच्या आसपास श्रोते मावतात.

हा चौक १२९८चा. राजाचा अधिकारी, जवळचा मठ आणि स्थानिक सरदार यांनी करार करून व्यापारासाठी हे आखीव गाव वसवलं. काटकोनात छेदणारे रस्ते, मधोमध बाजाराची जागा. तेराव्या-चौदाव्या शतकांत या मुलखात अशी शेकडो गावं उभी राहिली. संगीताचा विषय खरा १९७८ला सुरू होतो.

त्या वर्षी गावातल्या स्वयंसेवी मंडळाने आणि शिक्षकांनी महोत्सव सुरू केला. जेर्समध्ये स्थायिक झालेला एक अमेरिकी ट्रम्पेटवादक आणि याच भागातला एक टेनर सॅक्सोफोनवादक पाठीशी उभे राहिले. सूर जुन्या न्यू ऑर्लिन्स वळणाचा, म्हणजे सुरुवातीच्या पारंपरिक जॅझचा होता, आणि त्यामागे फ्रान्समधलं एक जुनं भांडण होतं. पहिल्या महायुद्धात कृष्णवर्णीय अमेरिकी पलटणींच्या बँडबरोबर हे संगीत इथे आलं. पुढे रसिकांची संघटना उभी राहिली आणि १९४७मध्ये बीबॉपवरून, म्हणजे तेव्हाच्या नव्या, वेगवान आणि गुंतागुंतीच्या जॅझवरून फुटली. तिचा अध्यक्ष बीबॉपला जॅझ मानायलाच तयार नव्हता. तो राहायचा मोंतोबाँला, म्हणजे याच नैऋत्य भागात. त्यामुळे ‘जॅझ म्हणजे नेमकं काय’ हा प्रश्न इथे नुसता पुस्तकी नव्हता.

मार्सियाकने हळूहळू दार उघडलं: आधी आधुनिक जॅझ, मग लॅटिन, मग रॉक-पॉपची नावं. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पाटीवर जॅझ आणि रंगमंचावर गिटारचा स्टार, हे खटकतंच. पण एवढासा गाव एवढा तंबू रात्रीमागून रात्री केवळ जाणकारांच्या जोरावर कसा भरणार? गंमत म्हणजे १९९०च्या दशकापासून महोत्सवाचा चेहरा झालेला न्यू ऑर्लिन्सचा ट्रम्पेटवादक परंपरेचा कट्टर पुरस्कर्ता. १९९७मध्ये गावाने त्याचा पुतळा उभारला, तोही त्याच्या हयातीत! एकाच महोत्सवात पुतळा परंपरेचा आणि तिकीटविक्री पॉपची. मला ही तडजोड तंबूपेक्षा चौकात कमी जाणवते. तिथे नवखी, तरुण मंडळी वाजवतात आणि लेबलाची चौकशी कोणी करत नाही.

महोत्सवापेक्षा महत्त्वाचा निर्णय मात्र शाळेतला. पटसंख्या घसरत होती. तेव्हा १९९३मध्ये गावच्या माध्यमिक शाळेने जॅझचे वर्ग सुरू केले आणि बाहेरगावची मुलं वसतिगृहात राहून शिकू लागली. सुरुवातीच्या मुलांपैकी एक अकरा वर्षांचा मुलगा आज युरोपभर गाजलेला सोप्रानो सॅक्सोफोनवादक आहे. त्याचं वादन इतकं मोकळंढाकळं, की १९४७च्या अध्यक्षाने कानावर हात ठेवले असते. २०११मध्ये गावात सुमारे ५०० आसनांचं कायमचं नाट्यगृहही झालं, त्यामुळे आता मैफली ऑगस्ट संपला तरी चालू राहतात.