ज्येष्ठता आणि बढती (नौदल)

ज्येष्ठता आणि बढती (नौदल) : सेवेत आधी आलेल्याचा मान राखायचा आणि तरुण कर्तबगार अधिकाऱ्यालाही वेळेत वर आणायचे, या दोन गरजांची सांगड घालण्याची रीत. कोल्हापूरच्या तालमीत वस्तादाला मान वयाचा, पण मैदानातली जोड ताकद पाहूनच लावतात. नौदलाला हे दोन्ही हिशेब एकाच यादीत मांडावे लागतात. जहाजे मोजकी आणि प्रत्येकावर कप्तान एकच.

ब्रिटिश नौदलात कॅप्टन होईपर्यंत वशिला आणि पराक्रम चाले, पुढे फक्त यादीतला क्रम. प्रसिद्ध ब्रिटिश सेनानी नेल्सन १७७९ मध्ये विसाव्या वर्षी कॅप्टन झाला, पण रिअर अ‍ॅडमिरल या वरच्या हुद्द्यावर जायला १७९७ उजाडले. त्याचा सहकारी कॉलिंगवुड वयाने मोठा, पण कॅप्टन झाला नेल्सननंतर. त्यामुळे यादीत त्याच्या मागेच राहिला. वरचा माणूस थकलेला असला तरी त्याला ओलांडता येत नसे. १७४७ पासून अशा कॅप्टनांना रिअर अ‍ॅडमिरलचा हुद्दा देऊन घरी बसवू लागले, ताफा मात्र द्यायचा नाही. त्यांना ‘पिवळे अ‍ॅडमिरल’ म्हणत. मान देऊन वाट मोकळी करण्याची ही युक्ती आपल्याकडच्या कचेऱ्यांनाही अनोळखी नाही.

भारतीय नौदलात कॅप्टनच्या खालचा कमांडर हा हुद्दा १३ वर्षांच्या सेवेनंतर ठरल्या वेळी मिळतो. खरी चाळण त्यापुढे, निवड मंडळासमोर लागते. रिअर अ‍ॅडमिरल ५८ व्या, व्हाइस अ‍ॅडमिरल ६० व्या वर्षी निवृत्त होतात, म्हणून वरच्या जागा अडून राहत नाहीत. नौदलप्रमुख नेमताना सरकार सहसा ज्येष्ठतेलाच धरून चालते. २०१४ मध्ये रॉबिन धवन आणि २०१९ मध्ये करमबीर सिंग यांच्या वेळी तसे झाले नाही. २०१९ मध्ये डावलले गेलेले व्हाइस अ‍ॅडमिरल बिमल वर्मा सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेले.

मराठा आरमारात ज्येष्ठता सेवेपेक्षा घराण्याची होती. कान्होजी आंग्रे आधी ताराबाईंच्या पक्षात होते, १७१४ मध्ये शाहू महाराजांकडे गेले. सरखेली, म्हणजे आरमारप्रमुखपद, त्यांच्याकडेच राहिली आणि १७२९ मध्ये ते वारल्यावर मुलाकडे, सेखोजीकडे उतरली. १७३३ मध्ये सेखोजी वारल्यावर संभाजी आणि मानाजी हे भाऊ भांडले. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी संभाजीला ‘सरखेल’, मानाजीला ‘वजारतमाब’ हा किताब देऊन दौलतच वाटली. आरमार दुभंगले. मालवणच्या किनाऱ्यावर कोल्हापूरच्या गादीचे वेगळे आरमार होते. १८१२ च्या तहाने मालवण आणि सिंधुदुर्ग इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरला आरमाराचा सरदार नेमायचे कारणच उरले नाही.