विशेष चिन्हे बदलण्यामागची पार्श्वभूमी: टेलिटाइपपासून यूटीएफ-८ पर्यंत

मजकुराच्या फाइलमधली गोल अवतरणचिन्हे सरळ करणे, ओळीच्या टोकाचे नको असलेले चिन्ह काढणे, लांब डॅशच्या जागी साधा डॅश घालणे ही कमांड लाइनवर एका ओळीची कामे. तरीही तीच ओळ एका मशीनवर चोख चालते आणि दुसऱ्यावर फाइलची नासाडी करते. याचे मूळ साधनांच्या वयात आहे. एका अक्षराच्या जागी दुसरे घालणारे टीआर (tr) आणि मजकूर शोधून बदलणारे सेड (sed) ही साधने १९७० च्या दशकातली, तर आज फाइलमध्ये सापडणारी बहुतेक ‘विशेष’ चिन्हे १९९० नंतरच्या व्यवस्थेतली. मधल्या काळात एक अक्षर किती बाइटचे, याचे उत्तरच बदलले.

अमेरिकेत १९६३ साली आस्की हे प्रमाण ठरले. ७ बिट, म्हणजे १२८ जागा. पहिल्या आवृत्तीत इंग्रजीची लहान अक्षरेही नव्हती. ती १९६७ च्या सुधारणेत आली आणि ९५ छापता येणारी चिन्हे व ३३ नियंत्रण-चिन्हे ही विभागणी स्थिरावली. यातली दोन नियंत्रण-चिन्हे अजून पिच्छा सोडत नाहीत. टेलिटाइपवर (तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणाऱ्या यंत्रावर) नवी ओळ सुरू करायला दोन हालचाली लागत: छपाईचा भाग डावीकडे परत नेणे (कॅरेज रिटर्न, क्रमांक १३) आणि कागद एक ओळ वर सरकवणे (लाइन फीड, क्रमांक १०). युनिक्सने मल्टिक्सच्या वाटेने जाऊन फाइलमध्ये फक्त लाइन फीड ठेवला. सीपी/एमने दोन्ही ठेवले, तिथून ते १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये आणि पुढे विंडोजमध्ये उतरले. जुन्या मॅकिन्टॉशवर फक्त कॅरेज रिटर्न असे. २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आल्यावर तेही युनिक्सच्या पद्धतीवर आले.

विंडोजवर तयार झालेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालवली की ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो, आणि फाइल तर समोर दिसत असते. पहिल्या ओळीतल्या ‘#!’ नंतरच्या नावाला कॅरेज रिटर्न चिकटलेला असतो आणि प्रणाली त्या चिकटलेल्या नावाचा प्रोग्राम शोधत बसते. उपाय: टीआरला ‘-डी’ हा पुसण्याचा पर्याय आणि '\०१५' द्यायचे. हा आकडा ऑक्टल (आठच्या पायावरचा) आहे, १३ चा. पुढेही उलट्या रेषेनंतरचे आणि तीन आकडी बाइटचे सगळे आकडे ऑक्टलच आहेत. फाइल जुन्या मॅकची असेल तर मात्र हे करू नये. तिथे कॅरेज रिटर्न हाच ओळीचा शेवट, तो पुसला की अख्खी फाइल एकच ओळ होते. तिथे '\०१५' च्या जागी '\०१२' घालायचे.

ऑक्टलची सवयही त्याच काळातली. ओडी हे साधन १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्येच होते आणि ते आजही बाइट ऑक्टलमध्येच दाखवते. कोणतेही चिन्ह बदलण्याआधी ‘ओडी -सी’ लावून ती ओळ बघावी, असा आमचा आग्रह आहे. पडद्यावर दिसते ते फॉन्ट आणि टर्मिनलने लावलेला अर्थ असतो. फाइलमध्ये काय आहे ते ओडी सांगते.

बदल करणारी साधने एकाच घराण्यातली. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये एड हा संपादक लिहिला. जुन्या मजकुराच्या जागी नवा घालणारी ‘एस’ आज्ञा आणि रेग्युलर एक्सप्रेशन (शोधायच्या मजकुराचा नमुना लिहिण्याची पद्धत) त्यात होते. एडला फाइल स्मृतीत घ्यावी लागे, आणि तेव्हाच्या मशीनवर मोठ्या फाइली त्यात मावत नसत. बेल लॅब्समधले ली मॅकमहन १८ व्या शतकातल्या राजकीय लेखांचे लेखक भाषेवरून ओळखू पाहत होते. त्यांच्या फाइली एडला झेपेनात, म्हणून थॉम्पसन यांनी एडमधला शोध वेगळा काढून ग्रेप बनवले. पुढे १९७३-७४ मध्ये मॅकमहन यांनीच सेड लिहिले: एडच्याच आज्ञा, पण मजकूर ओळीओळीने वाहत जाताना लागू होणाऱ्या.

सेडची एक मर्यादा या ‘ओळीओळीने’मधून येते. ओळ वाचताना सेड शेवटचा लाइन फीड काढून ठेवते आणि छापताना परत लावते. त्यामुळे ‘लाइन फीडच्या जागी स्वल्पविराम’ अशी आज्ञा दिली तर काहीच घडत नाही. ‘एन’ (मोठा N) आज्ञेने पुढची ओळ जोडून घेतली तर जमते, पण त्या कामाला टीआर सरळ पडते.

एडकडून आलेला दुसरा वारसा म्हणजे स्वतः साधनालाच विशेष वाटणारी चिन्हे. शोधाच्या भागात टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर; म्हणून ‘१.५’ शोधले तर ‘१२५’ सुद्धा सापडते. टिंब, तारा, चौकोनी कंस, टोपी (^), डॉलर आणि उलटी रेषा यांच्याआधी उलटी रेषा द्यावी लागते. नव्या मजकुराच्या भागात वेगळेच नियम आहेत. तिथे ‘&’ म्हणजे ‘जे सापडले ते सगळे’. ‘आणि’ काढून ‘&’ घालायचे म्हणून एस/आणि/&/जी लिहिले तर ‘आणि’च्या जागी ‘आणि’च बसतो आणि फाइल जशीच्या तशी राहते; ‘\&’ लिहावे लागते. फाइलचे पत्ते बदलताना तिरक्या रेषांची गर्दी होते, तेव्हा ‘एस’नंतर ‘|’ किंवा ‘#’ हा विभाजक घ्यावा.

यावर शेलचा, म्हणजे आपली आज्ञा सर्वांत आधी वाचणाऱ्या प्रोग्रामचा, थर असतो. दुहेरी अवतरणात शेल डॉलर आणि उलटी रेषा स्वतः वाचते, एकेरीत काहीच वाचत नाही. पण एकेरी अवतरणात एकेरी अवतरणचिन्ह घालायचे तर '\'' अशी कसरत करावी लागते. हेच चिन्ह बदलायचे असेल तर आज्ञा वेगळ्या फाइलमध्ये लिहून ‘सेड -एफ’ने चालवाव्यात. शेल मधून बाजूला होते आणि निम्मे घोळ संपतात.

८ बिटांचा काळ आला तसे आस्कीवरच्या १२८ जागांवर प्रत्येकाने आपली चिन्हे बसवली. १९८७ च्या आयएसओ ८८५९-१ या अक्षरसंचात दशमान १२८ ते १५९ या जागा नियंत्रण-चिन्हांसाठी होत्या. विंडोज-१२५२ या विंडोजच्या अक्षरसंचाने तिथेच गोल अवतरणचिन्हे (दशमान १४५ ते १४८) आणि डॅश (१५० व १५१) ठेवले. ओडीमध्ये ऑक्टल २२२ किंवा २२३ हे बाइट एकेकटे दिसले, तर फाइल बहुधा विंडोज-१२५२ ची. अशा फाइलचे एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) आधी ते बदलणाऱ्या आयकॉन्व (iconv) या साधनाने यूटीएफ-८ करावे, मगच चिन्हे बदलावीत. फाइल आधीच यूटीएफ-८ असताना हे रूपांतर पुन्हा चालवले तर ३ बाइटचे गोल एकेरी अवतरणचिन्ह ८ बाइटचे होते आणि पडद्यावर तीन निरर्थक खुणा उमटतात.

यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीतली, अक्षरे एक किंवा अधिक बाइटांत लिहिण्याची पद्धत. तिची आखणी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये केली. म्हणजे एड लिहिणाऱ्या माणसानेच एक अक्षर एक बाइट हे गृहीतक मोडले. आखणीत एक मोठी सोय होती. आस्कीचा कोणताही बाइट बहु-बाइट अक्षराच्या पोटात येत नाही. म्हणून कॅरेज रिटर्न काढण्याची जुनी आज्ञा मराठी मजकुरावरही निर्धोक चालते. धोका आस्कीबाहेरची चिन्हे टीआरला दिल्यावर सुरू होतो.

उजवे गोल एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे ३४२ २०० २३१ हे तीन बाइट. लिनक्सवरचे ग्नू टीआर मुळात एकेका बाइटवर काम करते. त्याला हे चिन्ह देऊन सरळ अवतरणचिन्ह मागितले, तर ते तिन्ही बाइट स्वतंत्र धरते आणि एका चिन्हाच्या जागी तीन सरळ चिन्हे येतात. एवढ्यावर भागत नाही. दीर्घ वेलांटी ‘ी’ म्हणजे ३४० २४५ २००. तिचा शेवटचा बाइट २०० आहे, तोही बदलला जातो आणि फाइलमधली प्रत्येक दीर्घ वेलांटी मोडते. न तुटणारी जागा, म्हणजे जिथे ओळ मोडत नाही अशी मोकळी जागा (३०२ २४०), टीआरने पुसली तर ‘ठ’ जातो, कारण तो ३४० २४४ २४०. मॅकवरचे टीआर बहु-बाइट अक्षरे ओळखते, म्हणून तिथे तपासून पाहिलेली आज्ञा लिनक्सवर घात करते. आस्कीबाहेरच्या चिन्हांसाठी टीआर वापरूच नये.

सेड बाइटचा क्रम सलग शोधते, त्यामुळे ते सुरक्षित. फक्त लोकेल, म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगची मांडणी, बघावे. यूटीएफ-८ लोकेलमध्ये चुकीचे बाइट आले की मॅकचे सेड ‘अवैध बाइट क्रम’ म्हणून थांबते. ‘एलसी_ऑल=सी’ लावले की ते पुढे जाते, पण मग चौकोनी कंसात गोल चिन्हे घालू नयेत: त्या लोकेलमध्ये कंस पुन्हा सुटे बाइटच मोजतो. प्रत्येक चिन्हासाठी वेगळी ‘एस’ आज्ञा द्यावी. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी आणलेल्या पर्लमध्ये, ५.८.१ (२००३) पासून, ‘-सीएसडी’ पर्यायाने अक्षरांचे युनिकोड क्रमांक थेट वापरता येतात. चिन्हे पाच-सहा असतील तर तोच मार्ग नेटका.

न दिसणारी चिन्हे सरसकट पुसण्याचा मोह आवरावा. फाइलच्या सुरुवातीचा ३५७ २७३ २७७ हा बाइट-क्रमदर्शक काढायला हरकत नाही. शून्य रुंदीचे जोडचिन्ह (युनिकोड २००डी) मात्र मराठीत अर्थ सांभाळते. ‘दर्‍या’ हा शब्द र, हलन्त, जोडचिन्ह, या असा टंकलेला असेल आणि जोडचिन्ह पुसले, तर डोंगरातल्या दर्‍यांचा ‘दर्या’ होतो, आणि शुद्धलेखन तपासणीला त्यात काही वावगे दिसत नाही.

शेवटी फाइल जागेवर बदलण्याविषयी. सेडचे उत्तर ‘>’ने त्याच फाइलमध्ये पाठवले तर शेल आधी फाइल रिकामी करते आणि सेडला वाचायला काही उरत नाही. ‘-आय’ ही सोय पर्लकडून ग्नू सेडमध्ये आली. ग्नूमध्ये तिच्यापुढचा प्रत्यय ऐच्छिक आहे. मॅक आणि फ्रीबीएसडीवर तो द्यावाच लागतो, निदान रिकामा. ‘-आय’ला चिकटवून ‘.मूळ’ असा प्रत्यय दिला की दोन्हीकडे चालते आणि जुनी फाइलही शिल्लक राहते. आतून सेड नवी फाइल लिहून जुनीचे नाव तिला देते, त्यामुळे सिमलिंकवर (दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या दुव्यावर) चालवले तर ग्नू सेड दुव्याच्या जागी साधी फाइल ठेवते. तिथे ‘--फॉलो-सिमलिंक्स’ लावावे. नंतर आयकॉन्वला यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच फाइल वाचायला लावावी. बाइट तुटला असेल तर ते तिथेच अडते. काही न बोलता पार पडले, तर मूळ फाइलशी डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारे साधन) करून फक्त हव्या त्या ओळी बदलल्या आहेत ना ते पाहावे.