एनजिनएक्स: लोकेशन ब्लॉक वर सरकवून काही साधत नाही

एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये कोणत्या पत्त्याची विनंती कशी हाताळायची, हे लोकेशन ब्लॉक ठरवतात. ‘जो लोकेशन ब्लॉक फाइलमध्ये वर, तो आधी लागू’ हा समज जुना आहे आणि अर्धाच खरा. वरून खाली क्रम पाहिला जातो तो फक्त रेजेक्स (पॅटर्नने पत्ता जुळवणाऱ्या) ब्लॉकचा. साध्या प्रीफिक्समध्ये (पत्त्याची फक्त सुरुवात जुळवणाऱ्या ब्लॉकमध्ये) सर्वांत लांब जुळणारा निवडला जातो, मग तो फाइलच्या तळाशी का असेना. पण तोही तात्पुरताच: त्यानंतर रेजेक्स तपासले जातात आणि एखादा जुळला की प्रीफिक्स बाजूला पडतो.

समजा ‘/’ वरचं सगळं नोड ॲपकडे जातं आणि ‘/मदत/’ तेवढं थेट डिस्कवरून द्यायचंय. पान उघडतं, चित्रं मात्र ४०४. कारण चित्रांच्या कॅशिंगसाठी लिहिलेला रेजेक्स ब्लॉक ती विनंती पळवतो आणि त्याचा रूट (फाइल शोधायचं मूळ फोल्डर) वेगळा असतो. इथे ब्लॉक कितीही वर न्या, ढिम्म फरक पडणार नाही. प्रीफिक्सआधी ‘^~’ लावा, म्हणजे रेजेक्स तपासलेच जात नाहीत.

यात एक मेख आहे. त्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल असेल तर तिचा रेजेक्सही टळतो आणि सोर्स कोड जसाच्या तसा डाउनलोड होतो.

अलायस (पत्त्याच्या जुळलेल्या भागाऐवजी डिस्कवरचं फोल्डर लावणारी सूचना) वापरताना शेवटचा ‘/’ लोकेशन आणि अलायस दोन्हीकडे हवा. लोकेशनमधला गाळला तर ‘/मदत../’ असं लिहून कुणीही वरच्या फोल्डरमध्ये शिरू शकतो. अलायसमधला गाळला तर फोल्डर आणि फाइलचं नाव एकमेकांना चिकटून ४०४ येतो.

बदल केल्यावर आधी ‘एनजिनएक्स -टी’ ही सेटिंग तपासणारी कमांड, मगच रीलोड.