चौकटीतला आकडा म्हणजे पूर्ण कारकीर्द नव्हे

फुटबॉलमधल्या निवृत्त इंग्लिश मिडफिल्डरांची (मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्यांची) तुलना करणाऱ्या, मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये एक समज कायम असतो: ऑनलाइन ज्ञानकोशातल्या चौकटीत क्लबपुढे लिहिलेला आकडा म्हणजे खेळाडू तिथे खेळलेले सगळे सामने.

तो आकडा फक्त लीगचा, म्हणजे देशांतर्गत साखळी स्पर्धेचा असतो, कंसातले गोलही लीगचेच. एफए कप आणि लीग कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या वेगळ्या स्पर्धा, युरोपातले सामने, बढतीसाठीचे प्लेऑफ यांची भर त्यात नसते. चौकटीखालच्या बारीक टिपेत ते लिहिलेलं असतं, पण ती सहज नजरेतून सुटते, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे. मिडफिल्डरवर यात खरा अन्याय होतो, कारण कप आणि युरोपात वर्षानुवर्षं राबलेल्याचे शंभरावर सामने सहज गळतात.

पडताळायला त्याच पानावर खाली जा. हंगामवार तक्त्यात लीग, कप, युरोप, इतर आणि एकूण असे रकाने असतात. चौकटीशी जुळेल तो लीगचा रकाना. तुलना ‘एकूण’वरून करा. तक्ता नसेल तर हंगामाची मर्यादा आठवा: वरच्या श्रेणीत 1995-96पासून 38 सामने, खालच्या तीन श्रेणींत 46. एका क्लबसाठी एका हंगामात याहून मोठा आकडा दिसला, तर त्यात कप मिसळलेत.

शेवटच्या मिनिटाला बदली खेळाडू म्हणून उतरला, तरी तो एक सामनाच मोजतात. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघापुढच्या आकड्यात मात्र मैत्रीपूर्ण लढतीही धरतात.