लॉख नेसमधील वेलिंग्टन विमान

स्कॉटलंडमधील लॉख नेस या सरोवरात ३१ डिसेंबर १९४० रोजी प्रशिक्षणाच्या उड्डाणात बुडालेले ब्रिटिश हवाई दलाचे दोन इंजिनांचे बाँबफेकी विमान. त्याचा अनुक्रमांक एन २९८० होता. दलातील बोलण्यात त्याला ‘आर फॉर रॉबर्ट’ म्हणत. अपघाताच्या वेळी विमानात ८ जण होते. त्यांपैकी ७ वाचले, एकाचा मृत्यू झाला. सरोवरातल्या कथित अजस्र प्राण्याचा शोध घेणाऱ्यांना १९७६ मध्ये हे विमान तळाशी सापडले आणि १९८५ मध्ये ते वर काढण्यात आले. इंग्लंडच्या सरे परगण्यात वेब्रिज येथे असलेल्या ब्रुकलंड्स संग्रहालयात ते ठेवलेले आहे.

वेलिंग्टन हे व्हिकर्स कंपनीचे विमान. त्याचा सांगाडा बार्न्स वॉलिस या अभियंत्याने योजला होता. ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पट्ट्या तिरक्या, एकमेकींना छेद देत जोडायच्या आणि तयार झालेल्या जाळीवर लिननचे कापड ताणून त्याला रोगण लावायचे, अशी ती रचना होती. बुरुडाच्या टोपलीची एखादी कामटी तुटली तरी टोपली उभी राहते, तसेच या विमानाचे होते. गोळ्यांनी मोठी भगदाडे पडूनही वेलिंग्टन तळावर परतल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. पोपायच्या चित्रकथेतील वेलिंग्टन विंपी या खादाड पात्रावरून वैमानिकांनी या विमानाला ‘विंपी’ हे लाडके नाव दिले. एकूण ११,४६१ वेलिंग्टन बांधली गेली. त्यांपैकी आज फक्त दोन शिल्लक आहेत आणि त्यांतले एक हे.

एन २९८० ब्रुकलंड्सच्याच कारखान्यात तयार झाले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये क्रमांक १४९ च्या स्क्वॉड्रनकडे मिल्डनहॉल तळावर आले. महिनाभरातच, १८ डिसेंबर १९३९ रोजी, ते विल्हेल्म्सहाफेन बंदरावरील मोहिमेत सामील झाले. जर्मन युद्धनौकांवर हल्ला करण्यासाठी दिवसाउजेडी निघालेल्या २४ वेलिंग्टनपैकी दोन वाटेतून परतली. उरलेली २२ बंदरावर पोहोचली, पण नौका गोदीत होत्या आणि किनाऱ्यावरच्या नागरिकांना धोका होईल असे बाँब टाकण्यास मनाई होती. गोदीतल्या नौकांवर बाँब टाकले गेले नाहीत. परतीच्या वाटेवर जर्मन लढाऊ विमानांनी गाठले आणि १२ विमाने गमावली गेली. लढाऊ विमानांच्या सोबतीशिवाय दिवसा बाँबफेकी विमाने पाठवता येतील, हा ब्रिटिशांचा भरवसा यानंतर ढळला व ते रात्रीच्या मोहिमांकडे वळले. त्या दिवशी सुखरूप परतलेल्या थोड्या विमानांत एन २९८० होते.

पुढे ते क्रमांक ३७ च्या स्क्वॉड्रनमध्ये गेले. आघाडीवर वापरून जुनी झालेली विमाने प्रशिक्षणाला द्यायची, अशी तेव्हाची रीत होती. तीनुसार १९४० च्या शरद ऋतूत एन २९८० लॉसीमाउथ येथील क्रमांक २० च्या ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटकडे आले. उड्डाण, मार्गनिर्धारण, बिनतारी संदेश व मशीनगन यांचे वेगवेगळे शिक्षण घेतलेली माणसे अशा युनिटमध्ये प्रथमच एकत्र येत आणि एक दल म्हणून उडायला शिकत. झिजलेली इंजिने, नवखी माणसे आणि उत्तर स्कॉटलंडचा हिवाळा यांचा मेळ बसला की काय घडणार, हे वेगळे सांगायला नको. ब्रिटिश बाँबर कमांडचे युद्धात ५५,५७३ विमानकर्मी मरण पावले. त्यांपैकी सुमारे ८ हजार शत्रूच्या गोळ्यांनी नव्हे, तर अपघातांत गेले. युद्धाच्या कथांमध्ये हा आकडा सहसा येत नाही.

३१ डिसेंबरचे उड्डाण मार्गनिर्धारणाच्या सरावासाठी होते. चालक स्क्वॉड्रन लीडर निजेल मारवुड-एल्टन हे अनुभवी होते. त्यांच्यासोबत सहवैमानिक आणि सहा जण होते. मोनालिया डोंगरांवर सुमारे ८,००० फूट उंचीवर असताना हिमवादळाने गाठले आणि उजवे इंजिन बंद पडले. सुरुवातीच्या वेलिंग्टनला एकाच इंजिनावर उंची टिकवणे अवघड जाई. खाली ढगांत दडलेले डोंगर होते आणि विमान खाली येत होते. मारवुड-एल्टन यांनी सहा जणांना पॅराशूट घेऊन उडी मारण्याचा आदेश दिला. पाच जण सुखरूप जमिनीवर पोहोचले. शेपटाकडील गनर सार्जंट फेन्सम यांचे पॅराशूट मात्र उडी मारताना विमानाला अडकून फाटले आणि त्यांचा मृत्यू झाला. शेपटाकडच्या बुरुजातला गनर इतरांपासून तुटलेला असे. त्या अरुंद जागेतून बाहेर पडणे जिकिरीचेच होते.

सहा जण गेल्यानंतर ढगांच्या फटीतून खाली लांबट पाणी दिसले. ते लॉख नेस होते. दोन्ही वैमानिकांनी विमान अर्कर्ट किल्ल्याजवळ पाण्यावर टेकवले, ते तरंगत असतानाच रबरी होडी बाहेर काढली आणि वल्हवत किनारा गाठला. तिथून वाटेवरच्या एका ट्रकला हात करून ते इन्व्हर्नेसला पोहोचले. विमान बुडाले. मारवुड-एल्टन पुढे ग्रुप कॅप्टन झाले. १९४४ मध्ये एका मोहिमेत त्यांचे विमान पाडले गेले आणि युद्ध संपेपर्यंत ते जर्मनांच्या कैदेत राहिले. म्हणजे दुसऱ्यांदाही ते जिवंत उतरले, फक्त या वेळी खाली ट्रक नव्हता.

लॉख नेसचे पाणी थंड, पीटमुळे (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे) काळपट आणि गोडे आहे. समुद्रात ड्युरॅल्युमिन फार काळ टिकले नसते, इथे टिकले. १९७६ मध्ये एका अमेरिकी पथकाने तिथल्या प्रसिद्ध प्राण्याचा माग काढण्यासाठी सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू टिपणारी) उपकरणे सरोवरात फिरवली. प्राणी सापडला नाही. सुमारे ७० मीटर खोलीवर विमानाचा आकार मात्र उमटला. ते कॅटलिना जातीचे जलविमान असावे असा आधी समज झाला. नंतर एडिनबराच्या हेरिअट-वॉट विद्यापीठाच्या पथकाने पाण्याखालून चित्रण करून ते वेलिंग्टन असल्याचे ओळखले.

वर काढण्याचे काम सप्टेंबर १९८५ मध्ये झाले. पहिल्या प्रयत्नात उचलण्यासाठी बनवलेली चौकटच वाकली. तिची दुरुस्ती झाल्यावर २१ सप्टेंबरला विमान पाण्याबाहेर आले. ४५ वर्षे बुडालेल्या या विमानाचे शेपटाकडचे दिवे बॅटरी जोडताच लागले, हे ऐकून कुणालाही शंका यावी. पण ही घटना खरी आहे. जिथे बांधले तिथेच ठेवावे, या विचाराने विमान ब्रुकलंड्सकडे सोपवण्यात आले. तिथे स्वयंसेवकांनी अनेक वर्षे खपून त्याची डागडुजी केली. वॉलिस यांची जाळी पाहता यावी म्हणून सांगाडा मुद्दाम उघडा ठेवला आहे. शिल्लक असलेले दुसरे वेलिंग्टन, एमएफ ६२८, शाही हवाई दलाच्या संग्रहालयाकडे आहे. ते १९४४ मध्ये बांधलेले असून लढाईत कधी गेलेले नाही.